झालेला वर्ग पुन्हा घेण्याबाबत

लोकांशिवाय लोकप्रशासन चालू शकतं, हजेरीपटाशिवाय चालू शकत नाही. हे वाक्य कुठल्या ग्रंथातलं नाही. गेली एकोणीस वर्षं बुलढाण्यात एका महाविद्यालयाच्या फाटकासमोर (नाव सांगत नाही, रोजचं गिऱ्हाईक आहे) माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. तिथं काउंटरवर कोपर टेकून बसल्या बसल्या ते माझ्या लक्षात आलं. माझं स्वतःचं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेत. पण लोकप्रशासन या विषयातले एक्केचाळीस प्रबंध मी ऋणनिर्देशापासून संदर्भसूचीपर्यंत वाचले आहेत, कारण टाइप करताना वाचावंच लागतं. जिल्ह्यात इतके प्रबंध पूर्ण वाचलेली दुसरी व्यक्ती नसावी (मार्गदर्शक धरून).

तेव्हा पीएच.डी.च्या कोर्सवर्कबद्दल चार शब्द लिहायला मी नालायक नाही, असं मी समजते.

कोर्सवर्क ही अतिशय दूरदृष्टीची योजना आहे. पूर्वी माणूस नाव नोंदवायचा आणि थेट संशोधनाला लागायचा. यात धोका असा होता की एखाद्याला खरोखर काहीतरी सापडायचं. म्हणून आता आधी सहा महिने त्याला संशोधन कसं करावं हे शिकवतात. पेपर चार: संशोधन पद्धती, संगणकाचा वापर, आधीच्या संशोधनाचा आढावा, हे तिन्ही चार-चार क्रेडिटचे, आणि संशोधनातील नीतिमत्ता, दोन क्रेडिटची. नीतिमत्तेला संगणकाच्या निम्मे क्रेडिट का, असं एकाने विचारलं होतं. त्याला सांगण्यात आलं की संगणक बिघडला तर दुरुस्त करावा लागतो.

नीतिमत्तेच्या नोट्स माझ्याच दुकानातून जातात. सात वर्षं त्याच आहेत. ‘दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून वापरू नये’ हे त्यातलं पहिलं वाक्य. मूळ कुणी लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नाही. दरवर्षी फक्त वरचं नाव बदलायला माझ्याकडे येतात.

वर्ग दर शनिवारी, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. शनिवार अशासाठी की उमेदवार सगळे कामाचे लोक: पाच प्राध्यापक, दोन अव्वल कारकून, एक नायब तहसीलदार, एक विस्तार अधिकारी, एका पक्षाचे तालुकाध्यक्ष, आणि अपेक्षा किसन हिवाळे. एकूण अकरा. जुलैच्या दुसऱ्या शनिवारपासून डिसेंबरअखेर शनिवार पंचवीस. त्यातला एक युवक महोत्सवामुळे सुट्टीचा, राहिले चोवीस. या चोवीस दिवसांत चोवीस वर्ग झाले. तसं हजेरीपटात स्पष्ट आहे.

प्रत्यक्षात खोलीचं कुलूप कधी निघालं, हा प्रश्न विषयाला सोडून आहे. ज्यांना शिकायचं ते प्रशासनातच होते आणि ज्यांना शिकवायचं तेही कुठल्या ना कुठल्या समितीवर होते. दोन्ही बाजू इतक्या अनुभवी असल्यावर समोरासमोर बसून एकमेकांचा अपमान कशाला करायचा?

या सगळ्यात चूक झाली ती अपेक्षाची. ती यायची.

धाडच्या पुढे एक लहान गाव आहे (याचंही नाव नको), तिथून सकाळी जीपने धाडला, धाडहून एसटीने बुलढाण्याला. वय एकतीस. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवते. प्रवेश परीक्षा तिसऱ्यांदा दिली तेव्हा पास झाली, आणि जिल्ह्यात या विषयात जागा रिकामी असलेले एकच मार्गदर्शक उरले होते, ते तिला मिळाले. तेही पुढल्या वर्षी निवृत्त व्हायचे. म्हणजे एकतीस डिसेंबरच्या आत कोर्सवर्कचं प्रमाणपत्र विद्यापीठात पोचलं तर नोंदणी कायम. नाही पोचलं तर नोंदणी रद्द, मार्गदर्शक घरी, आणि अपेक्षा पुन्हा प्रवेश परीक्षेच्या रांगेत. हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती वर्ग चुकवत नव्हती. बिचारीने नियम वाचले होते.

पहिल्या शनिवारी शिपाई उकंडराव जिन्यात तंबाखू मळत बसले होते.

“ताई, तुमी काऊन आल्या?”

“वर्ग आहे ना दादा, साडेदहाचा.”

“हाव, वर्ग तं हायेच. पण येऊन काय करता?”

ती पायरीवर बसून राहिली. अडीचला माझ्या दुकानात आली, पाणी प्यायली, वहीत तारीख घालून ‘वर्ग झाला नाही’ असं लिहिलं आणि साडेतीनच्या गाडीने गेली. पुढच्या शनिवारी परत. तिसऱ्या शनिवारपासून मी तिच्यासाठी स्टूल ठेवायला लागले. ती माझ्याकडचे जुने प्रबंध वाचायची आणि मधूनच विचारायची, “मावशी, हे बारावं पान अन् त्या दुसऱ्या प्रबंधातलं नव्वदावं पान सारखंच कसं?” मी म्हणायची, “दोघांचा विचार जुळला असंल.”

एकदा मात्र वर्ग झाला. तो युवक महोत्सवाचा शनिवार. एका निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्यांना सुट्टीचा निरोप द्यायचं राहून गेलं आणि ते व्याख्यान द्यायला हजर झाले. खाली मैदानात कर्ण्यावर लावणी, वर खोलीत ते आणि अपेक्षा, दोघंच. त्यांनी फळ्यावर तहसीलची एक फाईल उभी केली आणि ती शेवटच्या पानापासून कशी वाचायची, कुठल्या टेबलावर अर्ज का थांबतो, ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली किती माणसं म्हातारी होतात, असं दोन तास सांगितलं. ती दुकानात आली तेव्हा तिच्या बोटांना शाई आणि चेहऱ्यावर उजेड होता. म्हणाली, “मावशी, याच्यासाठीच तं आली होती मी.” वहीत तिनं पहिल्यांदा ‘वर्ग झाला’ असं लिहिलं. हजेरीपटात मात्र त्या दिवशी सुट्टी आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सह्यांचा दिवस असतो.

त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण असं काम बाहेरच्या लोकांना पाहायला मिळत नाही. काही वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या समितीला दिसलं की सगळ्या विद्यार्थ्यांनी सहा महिने एकाच पेनने सह्या केल्या आहेत. समितीने खेद व्यक्त केला. तेव्हापासून विभागाने दर्जा उंचावला. आता प्रत्येकाने तीन पेनं आणायची: निळं, काळं आणि जेल. जुलै-ऑगस्ट निळं, मग काळं, पावसाळी शनिवारी मधूनच जेल. मी अशी तीन पेनं रबर लावून ‘कोर्सवर्क संच’ म्हणून ठेवते. चार सह्यांनंतर एक सही घाईघाईत करायची, एक थोडी ओळीबाहेर जाऊ द्यायची. सप्टेंबरच्या पानावर उकंडराव चहाचा ओला कप ठेवतात. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

शिवाय शंभर टक्के हजेरी संशयास्पद दिसते, म्हणून प्रत्येकाला तीन दिवस गैरहजर राहणं बंधनकारक आहे. कोण कुठल्या दिवशी गैरहजर, याचा तक्ता विभाग काढतो, नाहीतर सगळे एकाच दिवशी आजारी पडतात आणि वर्ग ओस दिसतो. गैरहजेरीसाठी रजेचा अर्ज लागतो. न झालेल्या वर्गाला न येण्याची परवानगी मागणारे असे अर्ज मी दरवर्षी तेहतीस टाइप करते. कारणं तीनच मंजूर आहेत: तब्येत, शेतीचं काम, नात्यातलं लग्न. विस्तार अधिकारी भागवत साहेबांचं प्रकरण तर आदर्श म्हणून दाखवावं असं आहे. अठरा सप्टेंबरला ते कोर्सवर्कला जायचं म्हणून कार्यालयातून कर्तव्यरजेवर होते, आणि कार्यालयीन काम निघालं म्हणून कोर्सवर्कमधून रजेवर होते. त्या दिवशी ते कुठेच नव्हते. दोन्हीकडच्या नोंदी मात्र पूर्ण आहेत.

त्या मंगळवारी दहा जणांनी पाऊण तासात सहा महिने पूर्ण केले (त्यात पुढच्या दोन शनिवारांच्याही सह्या होत्या, प्रशासनात याला पूर्वतयारी म्हणतात). अपेक्षा सातव्या क्रमांकाची. तिनं हजेरीपट उघडला, सगळी पानं चाळली, आणि विभागप्रमुख शेषराव सरांना विचारलं, “सर, यात युवक महोत्सवाचा शनिवार दिसत नाही. मला सही तेवढ्याच दिवसाची करता येते.”

शेषराव सर मनाने वाईट नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली. “हे बघा हिवाळे, तुम्ही रोज आलात हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. मग सही करायला काय हरकत आहे?”

“मी आले सर, पण वर्ग झाला नाही.”

“वर्ग झाला नाही तर हे दहा जण हजर कुठं होते?”

  सही न करता ती खाली आली, स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, “मावशी, एक अर्ज टाइप करा.”

अर्ज एवढाच होता: अजून सोळा-सतरा दिवस हाताशी आहेत, कृपया वर्ग घ्यावेत, रोज सकाळ-संध्याकाळ घेतले तरी मी बसेन. असा अर्ज महाविद्यालयाच्या इतिहासात आधी आलेला नव्हता. विभागाची तातडीची बैठक झाली. आठव्या दिवशी उत्तर आलं. ते मीच टाइप केलेलं असल्याने मला पाठ आहे:

“आपण चोवीस वर्ग घेण्याची विनंती केली आहे. अभिलेख पाहता सदर वर्ग यापूर्वीच यशस्वीरीत्या पार पडले असल्याने झालेला वर्ग पुन्हा घेण्याची तरतूद नाही. तसेच सदर सर्व वर्गांना आपण सातत्याने अनुपस्थित राहिल्याचे खेदाने दिसून येते. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.”

म्हणजे सहा महिन्यांत जी एकटीच आली, ती एकटीच गैरहजर ठरली. यात विभागाचा काही दोष नाही. नियमाला माणूस दिसत नसतो, सही दिसते.

तिनं खुलासा दिला. तोवरच्या सगळ्या शनिवारांची एसटीची तिकिटं तिनं वहीत चिकटवून ठेवली होती, त्यांच्या प्रती जोडल्या. शाई उडालेली तिकिटं उमटावीत म्हणून मी मशीन गडद करून करून काढल्या. उत्तर या वेळी दुसऱ्याच दिवशी: “तिकिटांवरून आपण संबंधित दिवशी शहरात उपस्थित होता हे सिद्ध होते. शहरात असूनही वर्गात न येणे ही बाब अधिक गंभीर आहे.”

मी तिला म्हटलं, “अगं, कर ना बाई सही. कोणाचं काय जाऊन राह्यलं?”

ती म्हणाली, “माह्यं जाईल ना मावशी. उद्या मी शिकवायले उभी राहीन, तवा कोणत्या तोंडानं?”

एवढं बोलून एकोणतीस डिसेंबरला ती विद्यापीठात दाद मागायला गेली. दाद मागायची खिडकी त्या दिवशी वार्षिक साठामोजणीसाठी बंद होती, हे तिला तिथं पोचल्यावर कळलं.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास उकंडराव हजेरीपट घेऊन माझ्याकडे आले. विद्यापीठाला तीन प्रती जायच्या होत्या. सातवी ओळ अजून कोरी होती. ‘गैरहजर’ असं चोवीस वेळा लिहायचं सरांच्या जिवावर आलं होतं, ते संध्याकाळवर ढकललेलं. मी मशीन सुरू करणार, तेवढ्यात पायजमा-सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ दारात आले. हातात पिशवी, पिशवीत डबा.

“अपेक्षाची मावशी तुमीच काय? मी किसन हिवाळे. तिचा बाप.”

मी त्यांना स्टूल दिलं, तिचंच. म्हटलं, “ती तर नाही हो आज.”

“ठाऊक हाये. म्हून तं आलो. सिंधूनं, तिच्या मायनं, सारं सांगतलं मले. पोट्टी जेवत नाही दोन दिवसांपासून.” मग त्यांची नजर काउंटरवरच्या हजेरीपटावर गेली. अशी वही त्यांनी लांबूनच ओळखली. “हेच काय ते?”

उकंडराव घसा खाकरून म्हणाले, “मी जरा चहा घेऊन येतो बाई. आरामशीर येतो.” आणि गेले.

किसनरावांनी वहीला हात लावला नाही. नुसतेच बोलत राहिले. “बाई, मी तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होतो. ग्रामसभा राहे सव्वीस जानेवारीले, एक मेले. माणूस लागते शंभर. शंभर माणूस कुठून आणता? लोक वावरात. मंग सरपंच म्हणे, किसन, घे रजिस्टर. म्या घरोघर जाऊन सह्या गोया करो. जो घरी नाही, त्याची म्याच करो. कोणाची सही वाकडी, कोणाची लंबी, कोणाच्या शेवटी टिंब, मले डोळे झाकून येते अजून. गावातल्या मेलेल्या माणसाईच्या बी येतात.”

“मग तुम्ही कधी नाही म्हटलं नाही?”

“कोणाले म्हणता? ते म्हणासाठी बी ग्रामसभाच लागते.” “घरी मात्र मी पोरीले म्हणो, बेटा, डोळ्यानं पाहल्याबिगर सही करू नको कुठं. लहान होती, तिनं मनावर घेतलं. म्हणजे चूक माह्यीच हाये ना हे?”

मी मशीनचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

“बाई, ते तीन पेनं म्हणतात, ते हायेत काय तुमच्याजवळ?”

होती. मी रबर काढून दिली. खरं तर मी म्हणायला हवं होतं की बाबा, हे बरोबर नाही. नीतिमत्तेच्या नोट्समध्ये यावर पूर्ण दीड पान आहे, मला तोंडपाठ आहे. पण मी त्यांना टेबलाचा दिवा लावून दिला.

त्यांनी चष्मा पुसला. तिच्या अर्जाची प्रत समोर ठेवून सही एकदा नीट पाहिली. मग बोट ठेवून मला दाखवलं. “अपेक्षा, किसन, हिवाळे. पाहा ना, मधात मीच हाये. आडनाव बी माह्यंच. तीनातले दोन हिस्से तं माह्याच मालकीचे.”

मी म्हटलं, “तीन दिवस कोरे ठेवा भाऊ. तसा नियम आहे. तब्येत, शेतीचं काम नाहीतर लग्न, मी अर्ज करून देते.”

म्हातारा पहिल्यांदाच चिडला. “काऊन? माह्यी पोरगी एक दिवस नागा नाही करे. तापात आली होती ऑगस्टात. पूर्णच भरतो!”

आणि त्यांनी चोवीसच्या चोवीस भरल्या. निळं, काळं, जेल. ऑगस्टात एक सही थरथरती केली. हजेरीपटातल्या सगळ्या खऱ्या सह्या खोट्या हजेरीच्या होत्या, आणि एवढी एक ओळ खोट्या सहीची, खऱ्या हजेरीची. त्यांना हे सांगितलं नाही. त्यांना कळलेलं होतं. डबा माझ्याकडे ठेवून, “सांजच्याले येईल ते इकडं, तिले द्या, भाकर अन् ठेचा हाये,” असं सांगून ते दोनच्या गाडीने गेले. संध्याकाळी मी तिला डबा दिला आणि बाबा देऊन गेले एवढंच सांगितलं.

शेषराव सरांनी ती ओळ पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि ‘पोरीला शेवटी समज आली’ अशा समाधानाने प्रमाणपत्रावर सही केली. तपासणी समिती पुढे जानेवारीत आली, अकरा मिनिटं बसली आणि शेरा लिहून गेली की क्रमांक सातची उपस्थिती आणि सह्यांतील स्वाभाविकता इतरांनी अनुकरण करण्याजोगी आहे.

विद्यापीठाची प्रत तीस तारखेलाच पोचती झाली होती; तिच्या हातात प्रमाणपत्र एकतीस तारखेला सकाळी मिळालं. अपेक्षा जिना उतरून धावतच दुकानात आली. कागदावर लिहिलेलं होतं: उपस्थिती शंभर टक्के. सरांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की तुमच्या उपस्थितीची दखल घेण्यात आली आहे.

“तिकिटं मानली मावशी त्यांनी! पाहा, म्या म्हटलं होतं ना? सही न करता बी होते. फक्त धीर पाहिजे माणसाजवळ.” तिचे डोळे भरून आले होते. “बाबाले पहिले फोन करते. ते नेहमी म्हणतात, पाहल्याबिगर सही करू नको.”

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून किसनराव काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती तीन वेळा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाली. मी प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिलं. आता ते पाण्यानेही खराब होणार नाही.

ही हकिगत वाचून तुम्हाला चीड आली असेल तर ते योग्यच आहे, आणि ती चीड मांडायची सोयही लोकशाहीत केलेली आहे. गावात राहत असाल तर ग्रामसभा, शहरात असाल तर सोसायटीची वार्षिक सभा, पोरं शाळेत असतील तर पालकसभा. मागची सभा होऊन गेली. शाळा, पाणी, रस्ता, शिक्षण, सगळ्यांवर चर्चा झाली. कुणाचीही हरकत नव्हती, सर्व ठराव एकमताने मंजूर झाले, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. त्याखाली तुमची सही आहे. जाऊन बघा. तुम्ही करता त्यापेक्षा सुबकच आली आहे.